समस्त ग्रामस्थ

आमचे हे खासदार झाले तवा मला वाटलं, आता माणूस दिल्लीत बोलंल आन् घरात गप बसंल. झालं उलटंच. घरात तोंडाचा पट्टा चालूच, आन् दिल्लीत चार वर्षं मिठाची गुळणी.

कोथरुडला फ्लॅट घेतल्यापासनं माझी भाषा निम्मी गावची आन् निम्मी सोसायटीची झालीय, तेवढं समजून घ्या. आमचं गाव चिंचखोरं. आधी पुण्याच्या कडेला होतं, आता पुण्यातच हाय. शहरानं गाव पोटात घेतलं आन् ढेकर देऊन झोपून गेलं. ग्रामपंचायत गेली ती गेलीच, बदल्यात नळ काय आला न्हाई. बस फाट्यापर्यंत येती, तिथनं पुढं पाय असतील त्यानं चालावं. माळावर मात्र ह्या कंपूटरच्या कंपन्या उभ्या राहिल्या, नुसत्या काचेच्या. एवढी काच पुसायला पाणी कुठनं येतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं न्हाई.

तर त्या कंपन्यांना रुंद रस्ता पाहिजे झाला. तो खालच्या वस्तीवरनं काढायचं ठरलं. एक दिवस साहेबलोक आले आन् वस्तीतल्या घरांवर लाल रंगानं फुल्या मारून गेले. पहिलीच फुली हिराच्या दारावर.

हिरा म्हंजी हिरा कचरू सोनवणे. लग्न होऊन आले तवापासनं आम्ही दोघी एका वावरात खुरपलंय. तिच्या नवऱ्यानं, कचरूभाऊंनी, दुसऱ्यांच्या इमारतींवर गवंडीकाम करता करता स्वतःचं हे घर उभं केलं. पोराला, प्रज्ञेशला, शिकवलं, इंजिनेर केलं. आन् गंमत बघा, पोरगं ज्या कंपनीत कामाला, तिच्याच रस्त्यात आईबापाचं घर.

हिरा कोथरुडला आली, सोफ्याच्या कडेवर टेकली आन् म्हणाली, "वैनी, अण्णांना सांगा, एकदा दिल्लीत बोला म्हणावं. अधिवेशन संपलं की जेसीबी येणार हाय."

रस्त्याला पैसा दिल्लीचा होता, म्हणून बोलायचं ते दिल्लीतच. रस्ता वरच्या अंगानं वळवता आला असता. पण वरच्या अंगाला आमचीच पेरूची बाग. हे मला ठाऊक, ह्यांना ठाऊक, हिरालाही ठाऊक. ती त्याबद्दल अवाक्षर बोलली न्हाई, म्हणून मला जास्तच लागलं.

"बोलतील," मी म्हटलं. "न्हाई बोलले तर त्यांचं नाव लावायची न्हाई मी."

ह्यांनी अर्ज टाकला. लोकसभेत दुपारी बाराला एक वेळ असती, तिला शून्य प्रहर म्हणत्यात. ज्याचं नाव चिठ्ठीत निघंल त्यानं आपल्या भागातलं गाऱ्हाणं मांडायचं. मोजून थोडी मिनटं. वेळ संपली की माईक आपोआप बंद. ह्यांचं नाव निघालं. मराठीत बोलतो म्हणून आधी कळवून ठेवलं, तिथं दुभाषा असतो. मी चिंचखोऱ्यात सांगावा धाडला आन् स्वतः हिराच्या घरी जाऊन बसले. प्रज्ञेशनं टीव्ही लावला. सगळी वस्ती त्या दोन खोल्यांत मावली, निम्मी दारात.

हे उभे राहिले. फेटा झकास बसला होता. मला बरं वाटलं.

"आदरणीय अध्यक्ष महोदय," ह्यांनी सुरवात केली, "समोर विराजमान असलेले सन्माननीय मंत्रीगण, विरोधी पक्षाचे सन्माननीय नेते, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली आम्ही घडलो ते सर्व ज्येष्ठ सदस्य, माझ्या महिला भगिनी, वर सज्जात बसलेले पत्रकार बांधव, खाली बसून आपला शब्द न् शब्द लिहून घेणारा कर्मचारी वर्ग..."

आमच्याकडं भाषणाची हीच रीत. व्यासपीठावरच्या एकेकाचं नाव मानानं घ्यायचं, मग मुद्दा. आन् ह्यांनी एकदा ह्यातच मार खाल्लेला. तालुक्याच्या एका सत्काराला नागोरावांचं नाव घ्यायचं राहिलं. नागोरावांनी पुढच्या निवडणुकीला सगळी भावकी फिरवली आन् हे पडले. तवापासनं ह्यांनी ठरवलंय, मुद्दा राहिला तर राहू दे, नाव राहता कामा नये.

"...दाराशी उभे राहून आपली काळजी घेणारे सुरक्षा बांधव, आणि समस्त उपस्थित बंधू-भगिनींनो. आज मी आपल्यापुढं चिंचखोरे गावचा..."

माईक बंद. ह्यांचे ओठ हलतायत, आवाज न्हाई. अध्यक्षसाहेबांनी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं. तो बाबा लगेच आपल्या कांद्याबद्दल बोलायला लागला.

हिरानं उठून टीव्ही बंद केला आन् चहा टाकायला गेली. मला मेल्याहून मेल्यागत झालं.

"हिरा, त्यांना सवय हाय गं ती," मी मागनं जाऊन म्हटलं.

"ते ठाऊक हाय की, वैनी. तीस वर्षं ऐकतोय आम्ही. नावं छान घेतात अण्णा." तिनं साखर टाकली. "आमचं कवा येत न्हाई एवढंच. सगळी नावं झाली की शेवटी म्हणतात न्हवं, आणि समस्त ग्रामस्थ. ते आम्ही."

ती टोमणा मारत नव्हती. मी फळीवरनं कप काढून दिले.

शनिवारी हे घरी आले. मी ताट वाढलं आन् समोर बसले.

"पोचलं का भाषण?" हे म्हणाले.

"दाराशी उभ्या असलेल्या शिपायापर्यंत पोचलं. चिंचखोऱ्याला यायच्या आत संपलं."

"मान ठेवावा लागतो, मथुरा."

"ठेवा की. त्या मानाखाली हिराचं घर गाडलं जाईल, वरनं एक हारही घाला."

हे जेवायचे थांबले. वाईट ह्यांनाही वाटलंच होतं. मान खाली घालून भात चिवडत होते. मग म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा अर्ज टाकतो, तू म्हणशील तसं बोलतो.

तालीम आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाली. आमची सून शेफाली, तीही कंपनीतलीच, मोबाईलवर वेळ लावून उभी राहिली. मला मोबाईलचं कळत न्हाई. मी गॅसवर दूध ठेवलं. दूध उतू जायच्या आत मुद्दा आला पाहिजे.

"आदरणीय..." हे म्हणाले.

"बाबा, नो ग्रीटिंग्ज. डायरेक्ट पॉइंटवर या," शेफाली म्हणाली.

ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. दूध गेलं उतू. दुसऱ्यांदा ठेवलं, तेही गेलं. शेफालीचा ओटा पार चिकट झाला, पण पोरगी शहाणी, तोंड वाकडं केलं न्हाई. माणूस घामाघूम झाला बिचारा.

"मथुरा, जमंना गं," हे म्हणाले. "नाव न घेता बोलायचं म्हंजी परक्याच्या घरात रामराम न घालता चुलीपर्यंत गेल्यागत वाटतं. जीभच उचलत न्हाई."

खोटं बोलत नव्हते. ओढाळ बैलाला सरळ रस्त्यानं चालवायचं तर त्याला वैरण पुढं दिसावी लागती. ह्यांना नावं लागायची. मी गॅस बंद केला आन् हिराचा तो चहा आठवला.

"नावंच घ्यायचीत न्हवं?" मी म्हटलं. "मग घ्या. पण कुणाची घ्यायची ते मी सांगते."

ह्या खेपेला चिठ्ठीत नाव निघतंय का न्हाई म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. अधिवेशन संपायच्या आधल्या दिवशी निघालं. मी पुन्हा हिराच्या घरी. ह्या खेपेला माणसं कमी आली होती, आन् खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं न्हाई.

हे उभे राहिले.

"आदरणीय अध्यक्ष महोदय," म्हणाले. मी डोळे मिटले.

"आणि इथं उपस्थित नसलेल्या सन्माननीय हिराबाई कचरू सोनवणे, ज्यांच्या दारावर लाल फुली मारलीय आन् उद्याच्याला जेसीबी उभा राहणार हाय."

मी डोळे उघडले. आमच्याकडं व्यासपीठावरनं नाव पुकारलं की माणूस उभं राहून हात जोडतं. हिरा टीव्हीपुढं उभी राहिली. पदर सारखा केला आन् हात जोडले. कुणी हसलं न्हाई.

"उपस्थित नसलेल्या ज्येष्ठ नागरिक चंद्रभागाबाई, ज्या ह्या वयात टँकरमागं हंडा घेऊन पळतात. सन्माननीय उत्तरेश्वर, ज्यांची आजारी आई फाट्यापर्यंत खाटेवर न्यावी लागली, कारण बस पुढं येत न्हाई. कुमारी मैना, जी शाळेला तेवढंच अंतर रोज चालती..."

चंद्रभागामावशी काठी टेकत उभी राहिली. उत्तरेश्वर दारात होता, तो ताठ झाला. मैना तर उडीच मारून उभी. बाहेर बातमी गेली आन् माणसं धावत यायला लागली, आपलं नाव आलं का विचारत.

अध्यक्षसाहेब म्हणाले, "माननीय सदस्य, मुद्द्यावर या."

"साहेब, हाच मुद्दा हाय."

"अजून किती नावं आहेत?"

"वस्ती मोठी हाय, साहेब."

सभागृह हसलं. पण अध्यक्षसाहेबांनी हातानं खूण केली, चालू द्या. वेळ वाढवून दिली म्हणं, असं फारसं होत न्हाई. हे घेत गेले, घेत गेले. रस्ता वरच्या अंगानं वळवावा, तिथं माझी स्वतःची पेरूची बाग हाय, ती घ्यावी, असंही म्हणाले. हे काय मी सांगितलं नव्हतं. बागेवर माझा जीव, पण त्या वक्ताला मला ह्यांचा अभिमान वाटला, आता काय लपवायचं.

"आन् सरतेशेवटी सन्माननीय मथुराबाई, ज्यांनी..."

माईक बंद. ओठ बराच वेळ हलत होते. हिरा माझ्याकडं बघून म्हणाली, "उभ्या राहा की, वैनी." मी उभी राहिले. काय करणार.

मंत्रीसाहेबांनी उठून सांगितलं, चौकशी लावतो, तोपर्यंत एकाही घराला हात लावू देणार न्हाई. जेसीबी आलाच न्हाई. चौकशी रेंगाळली, पण उन्हाळ्यात रस्ता वळला. आमची बाग गेली. वस्तीतल्यांना घराचे पक्के कागद मिळाले. पाण्याचा नळही आला. बस मात्र अजून फाट्यावरच अडलीय.

माईक बंद झाल्यावर काय बोललात, म्हणून मी ह्यांना कितीदा विचारलं. "ते कामकाजात नोंदलं गेलेलं न्हाई," एवढंच म्हणतात, आन् मिशीत हसतात.

नळाचा कार्यक्रम हिराच्या अंगणातच ठेवला होता. मांडव, हार, सगळे साहेबलोक ओळीनं खुर्च्यांत, नागोरावसुद्धा. दारावरच्या फुलीवर हिरानं नवा निळा रंग मारलेला. हे माईकपुढं गेले, साहेबांकडं बघितलं, नागोरावांकडं बघितलं, घसा खाकरला.

"सन्माननीय हिराबाई कचरू सोनवणे," म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. हिरा माझ्याशेजारी आपल्या उंबऱ्यावर बसली होती. जागची हलली न्हाई.

"हिरा, नाव घेतलं तुझं," मी कोपरानं ढोसलं. "ऊठ की."

"कशाला, वैनी?" ती म्हणाली. "घर आपलंच हाय न्हवं आता. बसूनच ऐकते."