हाताचा गूळ

४३८.

रक्तातली साखर मोजायच्या मशीनवर आकडा आला तसा सावळाराम सुनेला, अनिताला म्हणाला, "हाताला गूळ हाय, म्हणून वाढतोय." यवतच्या गुऱ्हाळावर तो गुळव्या, चाळीस वर्षं पाक बोटांनीच जोखत आलेला. त्यामुळं ही सबब रोज खपायची.

आज मात्र डबा घेऊन आलेल्या अनितानं तांब्याही आणला. सगळ्यांदेखत त्याचं बोट साबणानं धुतलं, लेकराचं पुसावं तसं पदरानं पुसलं आणि पुन्हा सुई टोचली. सावळाराम मशीनकडं बघेना, कढईकडं बघत राहिला.

४३१.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मिशीला काकवी लागलीय तुमच्या."

कढईभोवतीची माणसं हसली नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.