हिस्केच्या मेंदूतले नवे धागे

हिस्केच्या वाढदिवसाला आम्ही नेदरलँड्समधल्या आमच्या फ्रिसलंड प्रांताच्या रीतीप्रमाणे खुर्च्यांचं कडं करून बसलो होतो. येणारा प्रत्येक जण कड्यातल्या प्रत्येकाशी हात मिळवत होता आणि वाढदिवसाबरोबर तिच्या मेंदूबद्दलही अभिनंदन करत होता.

चमत्कार भिंतीवरच टांगला होता. महाराजांनी छापून दिलेली एमआरआयची दोन चित्रं: आधीच्यात मेंदूचे रंगीत धागे विरळ, नंतरच्यात घनदाट. मधल्या काळात बाउके होल्ट्रोप महाराजांनी तिच्या डोक्याशी काशाची वाटी वाजवली होती. आमच्या गावानं चर्चची पायरी कधीच सोडली, पण रंगीत छपाईपुढे सगळ्यांचे हात जोडलेले.

"औषध शरीराला झोपवतं, नाद मज्जातंतूंना जागवतो," केक खात महाराज सांगत होते. मज्जातंतूंचं आवरण झिजू नये म्हणून हिस्के इंजेक्शनं घ्यायची, ती त्यांच्या शब्दावर बंद झाली होती. हल्ली डावा पाय ओढत चालायची. तो म्हणे आजार बाहेर पडत होता.

तिची भाची यिल्डौ ग्रोनिंगनला अशाच स्कॅनवर काम करते. दोन्ही स्कॅन तिनं मावशीकडून आधीच मागून घेतले होते. तिनं लॅपटॉप उघडला. पडदाभर रंगीत धाग्यांचं रान.

महाराजांनी डोळे मिटले. "फार साधना केलेला जीव आहे."

"कस्टर्ड आहे," यिल्डौ म्हणाली. "दुकानातलं. व्हॅनिला."

कुणीतरी फिसकन हसलं. हिस्के हसली नाही.

"मावशी, यंत्राला धागे दिसत नाहीत गं. ऊतीतलं पाणी कुठल्या दिशेनं सरकतं, तेवढंच ते मोजतं. एका दिशेला जास्त सरकलं की तिथे तंतू असेल असं धरून संगणक रेघ ओढतो. जास्त म्हणजे किती, ते माणूस ठरवतो. ती अट सैल केली की यंत्रात ठेवलेल्या कस्टर्डलाही मेंदू फुटतो. तुझं दुसरं चित्र तसंच काढलंय."

मग तिनं दोन्ही स्कॅन एकाच अटीवर काढून दाखवले. दुसऱ्यात धागे थोडे कमीच होते.

विज्ञानाला अजून नाद ऐकू येत नाही, असं पुटपुटत महाराजांनी कोट उचलला.

हिस्केनं विचारलं, "इंजेक्शन उद्या सुरू केलं तर पाय पूर्वीसारखा होईल?"

"सांगता येत नाही, मावशी. आणखी बिघडू नये एवढं बघू."

मला त्या माणसाचा संताप आला, अजून येतो. म्हणून सांगतो, चित्र कितीही देखणं असो, ते कुठल्या अटीवर काढलं ते विचारा, आणि औषध सोडण्याआधी विचारा. नंतर विचारून उत्तर मिळतं, पाय मिळत नाही.