लाल पाण्यात उतरलेला पोहरा

मी पोहरा बोलतोय. अमडापूरच्या अलीकडच्या एका गावातल्या विहिरीचा. जन्मानं खरं तर घासलेटचा डबा. रेल्वेनं मलकापूरला आलो, तिथं एका लोहारानं ठोकून-ठाकून मला कडी बसवली आणि पाण्याशी सोयरीक जुळली. एक खोड मात्र तेव्हापासूनची आहे. माणसं बोलायला लागली की माझे कान टवकारलेच! विहिरीसारखी ऐकायची जागा दुसरी नाही बघा.

ही गोष्ट पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या सालची. शेजारच्या गावात माणसं पटापट जात होती, म्हणून सरकारी माणूस आला आणि आमच्या विहिरीत औषधाची पूड टाकून गेला. मी खाली गेलो तो लाल पाणी घेऊनच वर आलो. ते पाहून गोजरबाईनं मला तसंच आत सोडून दिलं.

“माय वं! विहिरीले कावळा शिवला!”

झालं! बाईला जे, तेच विहिरीला. तीन दिवस कोणी शिवायचं नाही, चौथ्या दिवशी पाणी भरायचं, तोवर नाल्याचं पाणी प्यायचं. चौथ्या दिवशी बायांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि दुपारी तोच माणूस येऊन पुन्हा पूड टाकून गेला! मला तर हसूच फुटलं.

पण ते हसण्यासारखं नव्हतं. नाल्याचं पाणी पिऊन वरच्या आळीतली दोघं गेली होती, आणि गोजरबाईची सून गीताबाई आठव्या महिन्याची पोटुशी होती.

त्यातच लोकल बोर्डाची निवडणूक आली. शेषराव मास्तरांना गावाजवळ दवाखाना हवा होता. त्यांच्याविरुद्ध उभे होते वामनराव, मोठे जमीनवाले. सभा विहिरीजवळच्या पारावर भरायच्या. वामनराव म्हणाले, “लाल पाणी पेलं का पोटातलं पोर नासते. उद्या दवाखाना झाला तं बाळंतिणीले उचलून नेतीन, मंग बसा बोंबलत!”

मास्तर तरी काय! ते म्हणाले, “दवाखाना नाही झाला, तर या पारावर बसायला माणूस उरणार नाही.”

डॉक्टर कोण येणार, औषध कोणतं देणार, हे दोघांपैकी कोणीच सांगेना. मला तर तेच ऐकायचं होतं! आणखी एक नवल. मत होतं ते सारा भरणाऱ्या मोजक्या बाप्यांना. पाणी भरणाऱ्या एकाही बाईला नाही. तरी ते भेव घरोघर पोचवलं बायांनीच.

गोजरबाईनं सुनेला दम भरला, “विहिरीकडं गेली तं तंगडं मोडीन! माह्या नातवाचा सवाल हाये.” तिची माया होती हो ती, दुष्टपणा नव्हता. पण पाजत होती नाल्याचं पाणी, आणि मला काही सांगता येत नव्हतं. जीव नुसता तुटायचा.

एका सकाळी उजाडता उजाडता माझा दोर हलला. पाहतो तर सत्यभामाबाई, खुद्द वामनरावांची बायको! गुपचूप घागर भरत होती. तेवढ्यात नाल्याकडं निघालेली गीताबाई समोर उभी.

“काकू, तुमी?”

“दोन लेकरं गेली वं माही मागल्या पटकीत,” सत्यभामाबाई म्हणाली. “त्याईले मतं पाहिजे, मले उरलेली लेकरं पाहिजे. तूबी ने. पण सांगू नको कोणाले.”

गीताबाईनं नेलं. पण रंग पाहून सासूनं ती घागर उकिरड्यावर ओतली.

दोन दिवसांनी पुन्हा सभा. बोलून बोलून वामनरावांचा घसा सुकला. कारभारी नावाच्या गड्यानं नाल्याच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. वामनरावांनी तो तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

“हे नको. घरून आन बे.”

बायांच्या घोळक्यातून गीताबाईनं पदर पुढं ओढत विचारलं, “आबाजी, घरी पाणी कोठचं हाये?”

सून माणूस, एवढ्या बाप्यांसमोर! वामनराव गड्यावरच खेकसले, “जा ना बे लवकर!” उत्तर आलं ते सत्यभामाबाईकडून.

“याच विहिरीचं. रोज सकाळी मीच नेतो. माह्या घरी कोणाले काई झालं नाई.”

गोजरबाई तिरीमिरीत उठली. कोणाला एवढ्या शिव्या घालत होती, वामनरावांना की स्वतःला, मला अजून कळलेलं नाही. तिनं मला विहिरीत सोडलं, वर ओढलं, आणि पहिली ओंजळ सुनेच्या तोंडाला लावली.

वामनराव निवडून आले. हो, आलेच! बायांना मत कुठं होतं? दवाखाना बारगळला. गीताबाईला मात्र पोरगी झाली, चांगली धडधाकट.

आता माझं बूड गळालंय. गोजरबाईनं मला आपल्या परसात टाकलंय, पण ऐकू सगळं येतं. परवा वामनराव पुन्हा मतं मागायला आले. म्हणाले, “देवीची सुई टोचली का लेकराचा हात वाळते, गोजरबाई.”

“हाव का? आयकतो ना बाप्पा,” ती म्हणाली. “पयले तुमच्या नातवाचा टोचलेला दंड दाखवा.”

वामनराव उपरणं सावरत पुढच्या घरी गेले.

मला एवढं मोठं तोंड, पण उभ्या जन्मात एक प्रश्न विचारता आला नाही. तुम्हाला येतो ना? मग विचारत जा.