टेकडीची वाट आणि दादाचं कुंपण

भावाभावांत वाटणी झाली, की जमिनीचा हिशोब एका दिवसात लागतो. मनाचा लागायला वर्षं जातात. दादाच्या घरीही हेच झालं होतं. टेकडीच्या पायथ्याचं उघडं रान त्याच्याकडे आलं आणि वरची पेरूची बाग धाकट्याकडे गेली. टेकडीवर जाणारी पाऊलवाट आधी दादाच्या रानातून चढायची, मग धाकट्याच्या बागेतून. रोज सकाळी लोक फिरायला येत. दादाच्या चढावर ते धापा टाकत, मान खाली घालून चालत. वर धाकट्यानं सावलीत बाक टाकला होता. तिथे टेकत, शेजारच्या टोपलीतला पेरू खात आणि उतरताना आपापसांत म्हणत, "धाकटे म्हणजे देवमाणूस!"

हा देवमाणूस दादाला ओसरीवर बसून रोज ऐकावा लागे आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होई. कारण, वाचकहो, त्या बागेतलं एकेक कलम वाटणीआधी दादानं स्वतःच्या हातानं बांधलं होतं! राबला हा, आणि कौतुक त्याचं! माणसं दिसली, की दादा तोंड फिरवून आत जायचा.

मग शहराची हद्द वाढली आणि टेकडी शहरात आली. नगररचना कार्यालयाचा निरोप आला: वाट कायमची सर्वांसाठी खुली करायची आहे, दोघा मालकांनी बोलणी करायला यावं. त्यातच कुणीतरी दादाच्या कानावर घातलं, की वाटेला धाकट्याचं नाव द्या असं लोक म्हणताहेत. झालं! आगीत तेल पडलं. त्याच दुपारी दादानं पायथ्याशी तारेचं कुंपण ठोकलं.

"आता बघू, देवमाणसाकडे कोण जातंय!" तो बायकोला म्हणाला.

"पण लोक अडले तर तुमच्या पदरात काय पडणार?" तिनं विचारलं. दादा तिच्यावरच खेकसला.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. ती पायथ्याशीच राहायची आणि याच वाटेनं दोन्ही भाच्यांची घरं गाठायची. कुंपणाशी ती थबकली.

"काढ रे ही तार."

"तू ओसरीवर बस ना, आत्या. वर कशाला जायचंय?"

"मला शिकवू नकोस. तुझं दुखणं वाटेचं नाही, पेरूचं आहे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला निघालायस! ज्यांना अडवतोयस तेच उद्या तुझ्या अडीनडीला धावून येतील ना?"

"उपदेश नको."

"बरं. पण बोलणी करायला मीही येणार."

कार्यालयात लांबलचक टेबलावर नकाशा पसरला होता. त्याच्या कडा उडू नयेत म्हणून चहाचे रिकामे कप ठेवले होते. दादानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "माझ्या रानातून वाट मिळणार नाही."

धाकटा भांडेल, निदान हात जोडेल, अशी त्याची खात्री होती. पण धाकटा अधिकारी बाईंना म्हणाला, "दादाला त्रास नको. पलीकडच्या ओढ्याकडून आणा, सगळी वाट माझ्या बागेतून न्या."

बाईंनी नकाशावर बोट फिरवलं. "मग ओढ्याकाठची पेरूची ओळ तोडावी लागेल."

धाकटा म्हणाला, "तोडा."

दादा उठून नकाशावर वाकला. इथेही हाच दाता! आणि ओळ कुठली, तर दादानं बांधलेल्या पहिल्या कलमांची! ओलं गोणपाट गुंडाळून त्यानं ती जगवली होती.

"मलाही वाईट वाटतं," बाई म्हणाल्या. "कलमं दादांच्या हातची ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी सुटीच्या दिवशी येते टेकडीवर. तुमचे भाऊ बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, 'पेरू गोड लागला तर उतरताना दादाला सांगा, कलमं त्याची आहेत.' पण आम्ही दिसलो, की तुम्ही तोंड फिरवून आत जाता. सांगायचं कुणाला?"

दादा धाकट्याकडे वळला. "मला कधी बोलला नाहीस ते?"

"तू वर आलास कधी, दादा?"

अरेरे! एवढ्या वर्षांची जळजळ, आणि औषध एका चढावर होतं!

"ओळ तोडायची नाही!" दादा ओरडला. "वाट जुनीच राहील. माझ्या रानातून!" मग जरा चाचरत त्यानं विचारलं, "पण... नाव कुणाचं?"

आत्या खळखळून हसली. "अजून धुमसतंयच का? टेकडीची वाट, हे नाव काय वाईट आहे? आणि जळायचंच असेल तर देण्यावरून जळ. तो बाक देतो, तू सावली दे. अशी चढाओढ लागली तर सगळ्या शहराचं भलं होईल."

दोघा भावांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं स्वतः तार काढली आणि वाटणीनंतर पहिल्यांदा तो वर चढला. बाकावर टेकला तेव्हा त्याला धाप लागली होती. धाकट्यानं टोपली पुढे केली.

"गोड आहे," दादा म्हणाला. मग खाली बघत पुटपुटला, "माझ्या चढावर सावली नाही रे."

"फांद्या माझ्याकडून ने. कलमं तूच बांध."

नागरिकहो, दुसऱ्याच्या कौतुकाला कुंपण घातलं म्हणून ते आपल्या दारी येत नाही. अडते ती फक्त वाट, आणि ती आपलीही असते. कुणाचा हेवा वाटलाच, तर एकदा त्याच्या बाकावर जाऊन बसा. तो आपल्याबद्दल काय बोलतो, ते तरी कळेल!