वस्तादचा खुराक

आमच्या दारातला कुत्रा बारीक आहे. त्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की बोटांना लागतात. तो तसा मी ठेवलाय. मी, चैताली, या घरची सून. ज्याला त्याबद्दल काही बोलायचंय त्यानं माझ्या तोंडावर बोलावं, माझ्या पाठीमागे सासऱ्यांचे कान भरू नयेत.

सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण आमच्या विंचूरच्या बाजूला दारचं जनावर वाळलेलं दिसलं की घराची अब्रू गेलीच म्हणून समजा. पाहुणा चहाला बसण्याआधी गोठ्यात डोकावून येतो. माणसं रोड असली तर चालतात, नोकरी करतात बिचारी असं म्हणून सोडून देतात. जनावराला तशी सूट नाही.

वस्ताद मे महिन्यात आला. ग्रेट डेनचं दोन महिन्यांचं पिल्लू, पण पंजे माझ्या तळहाताएवढे. माझे सासरे खंडेराव, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, जुने पैलवान. नाव त्यांनीच ठेवलं. त्यांचे तालमीतले जोडीदार बाळाजीकाका आता कांद्याचे व्यापारी आहेत. दोघांनी नाशिकहून एकाच वेताची दोन पिल्लं आणली, एक आम्हाला आणि एक काकांना. काकांनी आपल्याचं नाव ठेवलं सरदार. चाळीस वर्षांपूर्वी या दोघांची कुस्ती बरोबरीत सुटली होती, आणि तेव्हापासून दोघं कशावरूनही खडाखडी करतात. आधी बैल झाले, मग ट्रॅक्टर झाले, मग पोरांची लग्नं. आता कुत्रे.

"दिवाळीच्या पाडव्याला दोघं पारावर उभे करायचे," काका म्हणाले. "ज्याचा थोराड, त्याला दुसऱ्यानं फेटा बांधायचा."

"बांध तू फेटा. आत्ताच घेऊन ठेव," आप्पा म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून वस्तादला पैलवानाचा खुराक सुरू. सकाळी म्हशीचं दूध, चार अंडी, दुपारी भाकरी कुस्करून वर तूप. आणि गोठ्यात गाईंसाठी आणलेलं कॅल्शियमचं पाच लिटरचं कॅन होतं, व्यायलेल्या गाईला पाजतात ते. त्यातलं अर्धी वाटी रोज. "गाईची हाडं धरती, तर याची धरणार नाय?" आप्पांचा हिशोब सरळ होता.

आता माझी चूक पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला फक्त दुसऱ्याची दिसते. मी द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये तपासणीला आहे. औषधाचा अंश किती, साखर किती, मण्याचा आकार किती, सगळे कागद वाचून मगच पेटी पुढे जाऊ देते. आणि तीच मी, नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुकानातून वस्तादसाठी पहिली गोणी आणली ती पुढचं चित्र बघून. चित्रात छाती काढून उभा असलेला कुत्रा आणि मोठ्या अक्षरात 'जोमदार वाढ'. गोणीची मागची बाजू मी वाचली नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या पेट्या तपासायच्या आणि घरच्या गोणीला डोळे मिटून पास करायचं! अजून स्वतःचा राग येतो.

जुलै संपेपर्यंत वस्ताद तीस किलोचा झाला. गाव बघायला यायचं. आप्पा त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि ती थाप साऱ्या गल्लीत ऐकू जायची. मला मात्र त्याची चाल खटकत होती. पुढच्या पायांची मनगटं सुजल्यासारखी जाडजूड, पंजे बाहेर फाकलेले. पायरी उतरताना आधी थांबायचा, मग एका बाजूनं घसरत उतरायचा. चार महिन्यांचं पोर ते, उड्या मारायचं वय.

"वजन पेलंना त्याला. होईल हळूहळू," आप्पा म्हणाले.

मी नवऱ्याला, अमोलला, गाडी काढायला लावली आणि वस्तादला नाशिकला उज्ज्वला मॅडमकडे नेलं. बाई जनावरांच्या डॉक्टर, बोलायला फटकळ. त्यांनी पाय दाबून बघितले, हाडांचा एक्स-रे काढला आणि काय काय खाऊ घालता ते विचारलं. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"अहो, मोठ्या जातीचं पिल्लू आधीच धावत वाढतं. त्याला अजून ढकललं की अंग पुढे जातं आणि हाडं मागे राहतात. जास्तीचं कॅल्शियम लहान पिल्लाला बाहेर टाकता येत नाही, ते हाडांतच गोंधळ घालतं. दूध, तूप, ते गाईचं औषध, सगळं आजपासून बंद. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी वेगळं कोरडं खाणं मिळतं, तेच द्यायचं. दिवसातून तीनदा, मोजून. आणि बारीक ठेवायचा."

"पाय सरळ होतील?"

"आत्ता आलात म्हणून आशा आहे. अजून दोन महिने असंच चाललं असतं तर मी हो म्हटलं नसतं."

तिथून आम्ही थेट दुकानात गेलो. या वेळी मी सगळ्या गोण्या उलट्या करून ठेवल्या. दुकानदार बघतच राहिला.

"ताई, हे घ्या ना, सगळ्यात जास्त ताकदीचं. लोक हेच नेतात."

"लोकांना नेऊ द्या."

मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं: प्रोटीनला घाबरू नका, चरबी आणि कॅल्शियम बघा. कॅल्शियम टक्का-सव्वा टक्क्याच्या आत हवं. काही गोण्यांवर आकडाच नव्हता, काहींवर नुसतं 'कमीत कमी' इतकं, जास्तीत जास्त किती ते गुलदस्त्यात. आकडा लपवणारा माल मी पॅकहाउसमध्येही घेत नाही. शेवटी एक साधी, चित्रबित्र नसल्यासारखी गोणी निघाली. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं, दोन्ही आकडे दिलेले, आणि दाणे मोठे, म्हणजे न चावता गिळायची सोय नाही.

"हे सावकाश वाढवतं बरं का," दुकानदारानं शेवटचा डाव टाकला. "मग म्हणू नका कुत्रा बारीक राहिला."

"तेच हवंय मला."

घरी त्या गोणीवरून महाभारत झालं. आप्पांनी दाणे हातात घेतले, वास घेतला आणि खाली टाकले. "हे कोंबडीला घालत्यात. पैलवानाला हे घालणार व्हय?" मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, निदान मला तसं वाटलं. महिनाभर मी सकाळ-संध्याकाळ मापानं खाणं घातलं. दुपारचं अमोल घालायचा. वजन आता बेतानं वाढत होतं, पण मनगटं उतरेनात. मला कळेना काय चुकतंय.

मग एका पहाटे गोठ्यात गेले तर वस्तादच्या मिशांना पांढरं लागलेलं, आणि आप्पा वाटी धूत होते.

मला तोवर त्यांच्यापुढे आवाज चढवायची हिंमत झाली नव्हती. त्या दिवशी झाली. "आप्पा, आपल्या द्राक्षाच्या बागेत घडाला तुम्ही फुगवणीचं औषध दोनदाच्या वर का देत नाही?"

"जास्त दिलं तर मणी तडकतो. हे काय इचारणं झालं?"

"मग हे काय चाललंय?"

त्यांनी वाटी पालथी घातली. "बाळाजीचा सरदार चाळीसच्या वर गेला," ते म्हणाले. "अन् आपला असा. लोक इचारत्यात मला, पैलवान, कुत्रं उपाशी मारता का? काय तोंड दाखवू मी?"

"माझं नाव सांगा. सुनेनं केलंय म्हणा. पण पुन्हा ही वाटी दिसली तर मी वस्तादला घेऊन ओझरला माहेरी जाईन, आणि तो पायांवर नीट उभा राहीपर्यंत परत येणार नाही. माझ्या बोलण्यात बदल नाही."

कॅन मी त्यांच्यादेखत उकिरड्यावर ओतलं. त्यानंतर आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. जेवायला वाढलं की ताटाकडे बघायचे, माझ्याकडे नाही. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला पहिली चैताली म्हणून हाक त्यांनीच मारली होती, बाकी सगळे सूनबाई म्हणायचे. पण वस्तादची मनगटं हळूहळू उतरायला लागली होती. पंजे आत वळले. दसऱ्याच्या सुमारास तो पायऱ्या नीट उतरला, मग उगाच वर चढून पुन्हा उतरला. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

पाडव्याच्या सकाळी आप्पा अंथरुणातून उठेनात. अंग दुखतंय म्हणाले. बाहेर पारावर ढोल सुरू झाला होता.

अमोल म्हणाला, "जाऊ दे. नाही गेलं तर काय होतं?"

"मी नेते," मी म्हटलं.

पारावर त्या दिवशी बायका नसतात. तालमीची जुनी मंडळी, व्यापारी, सगळा बाप्यांचा कारभार. मी वस्तादचा पट्टा धरून मधोमध जाऊन उभी राहिले. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "खंडेराव कुठंय? अन् हे हरीण कुठून आणलं?"

"घरून आणलं," मी म्हटलं. "हरणासारखंच पळतं, दाखवू?"

तेवढ्यात काकांचा पिकअप आला. मागे सरदार, गळ्यात झेंडूची माळ, अंगावर तुपाची चकाकी. खरंच डोळे दिपावेत असा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. काकांच्या दोन माणसांनी फळी लावली, पण सरदार फळीवरून उतरेना. शेवटी चौघांनी त्याला उचलून खाली ठेवलं आणि तो ठेवल्या जागी बसला.

"रुबाब बघा, रुबाब," काका म्हणाले. "आता उभा कर रं त्याला, उंची मोजू."

माणसानं पट्टा ओढला. सरदार पुढच्या पायांवर उठला, आणि सगळ्यांना ते पाय दिसले. मनगटातून वाकलेले, पंजे दोन दिशांना गेलेले. थरथरत दोन श्वास उभा राहिला आणि परत बसला. काकांनी माणसाच्या हातातून पट्टा घेतला आणि स्वतः हिसका दिला. सरदार केकाटला. वस्ताद त्याच्याकडे जायला ओढ घेऊ लागला.

ढोल थांबला. कुणी हसत नव्हतं. काकांचा चेहरा लालबुंद झालेला. त्यांनी पट्टा पुन्हा मनगटाला गुंडाळला.

"सोड, बाळाजी."

आप्पा होते. कधी आले मला कळलंच नाही, पायात चपला पण नव्हत्या. ते गर्दीतून सरळ आत आले आणि काकांच्या हातावर हात ठेवला. "सोड म्हणतो ना. उभा करू नको त्याला."

"खंड्या, हरायला लागला म्हणून..."

"हरलो मी. बांधतो तुला फेटा. सोड आधी."

काकांनी पट्टा सोडला. आप्पा गुडघे टेकून खाली बसले आणि सरदारचं मनगट दोन्ही हातांत धरून दाबून बघू लागले, अगदी हळू, डॉक्टर मॅडम दाबायच्या तसं. म्हणजे मॅडमकडून शिकून मी रोज वस्तादचे पाय तपासत होते ते हा माणूस न बोलता बघत होता तर. मग मान वर करून ते माझ्याशी बोलले, दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

"चैताली, त्या डॉक्टरीणबाईला फोन लाव."

मी लावला. मॅडमनी विचारलं, किती महिन्यांचा? आठवा लागत आलाय म्हटलं. मग म्हणाल्या, उशीर झालाय, पूर्ण सरळ नाही व्हायचे, पण वेदना कमी करता येतील, घेऊन या.

मला जिंकल्यासारखं वाटलं का? वाटलं. या सगळ्या बाप्यांच्या पुढ्यात एकदा गरागरा फिरून बोंब ठोकावी असंही वाटलं. पण सरदार माझ्या पायाशी मान टाकून बसला होता, आणि तो वस्तादचा सख्खा भाऊ होता. त्याच्या वाटणीला फक्त दुसरं घर आलं होतं, तेही कुठल्या वैऱ्याचं नाही, त्याच्यावर जीव टाकणाऱ्या माणसाचं.

आप्पांनी आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या अमोलनं त्याला उचलून पिकअपमध्ये ठेवलं. वस्तादचा पट्टा मी अमोलच्या हातात दिला आणि आप्पा मागे सरदारजवळ बसले. काका गाडी चालवायला बसले आणि मी शेजारी. गाव मागे पडलं. मग रस्त्यावरची नजर न काढता, एकदम बारीक आवाजात म्हणाले, "पोरी, लय महागाची गोणी आणायचो गं मी. ते मागं लिवलेलं असतंय, त्यात काय बघायचं असतं?"

"सांगते," मी म्हटलं. "पण काका, मध्ये बोलायचं नाही."

द्वारका येईपर्यंत बाळाजीकाका एक शब्द बोलले नाहीत.