कोचीनचा पाव्हना

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली कोचीनचा पाव्हना आमच्या घरी आला, आन् आल्यापासून कोचीनच सांगून राह्यला. नाव इंदरचंद. माह्या भावाच्या पोरीले, कांचनले, पाहाले आलता. त्याचं आजोळ मंगरूळपीरचं, म्हनून बोली आपलीच. माह्या भावाचं, पन्नालालचं, रिसोडात किरान्याचं दुकान. त्यातली मिरी कोचीनकडचीच, म्हनून भाऊ पहिल्याच चहाले पाघळला. मी पोरीची आत्या. मी नाही पाघळली.

"आमच्या बंदरावर मासोळ्या धराचे चिनी जाळे हायेत," तो सांगे. "धोंड्याईच्या वजनावर खालीवर होतात. ज्यू लोकाईचं देऊळ हाय, त्याच्या फरश्या निळ्या, पार चीनमधून आनलेल्या. एकीसारखी दुसरी नाही. राजवाडा पोर्तुगीजाईनं बांधून देल्ला, डच लोकाईनं दुरुस्त केला, आन् आत भिंतीवर रामायन काढेल हाय. आपलं जैन मंदिरबी हाय तिथं."

पोर्तुगीजाईच्या वाड्यात रामायन? मले पटेना. पन तेही सोडा, माह्या मनात दुसराच किडा वळवळे. मलेबी असंच हैदराबादेले देल्लं होतं. पाव्हने चारमिनारचं कवतिक करत, मोत्याच्या बाजाराचं करत. नांदाले गेली तं नवऱ्याले मिरगी. थोड्याच वर्सात रिकाम्या कपाळानं माहेरी आली. तवापासून मले एक समजते, जो गावाचं लय सांगते तो घराचं लपवते.

मंग मी सरळच विचारलं, "पाव्हने, शहर पाहून झालं. आता घराचं सांगा. सैपाक कोन करते?"

भावानं डोळे वटारले. "जतनबाई, असं विचारतेत काय?"

"मंग कधी विचारू? पोरगी गाडीत बसल्यावर?"

इंदरचंदानं कप खाली ठेवला. "मीच करतो. मायले लकवा मारला, खाटेवरून उठता येत नाही. दुकानातून आलो का रोज तिले बाहीरचं सांगतो. जाळे, फरश्या, रामायन. तेच तोंडात बसलं."

"मी नसतं विचारलं तं सांगतलं असतं?"

तो खाली पाहून म्हने, "नसतं सांगतलं, आत्याबाई. आधी सांगून पाह्यलं. लोकं उठून जातात."

मले राग आला, आन् रागातच जरा बरंबी वाटलं. लबाड मानूस 'सांगनारच होतो' म्हनला असता.

भाऊ उठाले लागला. मी त्याचा हात धरला. "बस. जिले नांदाचं हाय तिले विचार."

कांचन दाराआडच उभी होती. मले वाटलं रडन. तिनं विचारलं, "त्या फरश्याईवर पाय ठेवू देतात काय?"

"जोडे काढून," तो म्हने.

"मंग मी पाहून येत जाईन, आन् सासूबाईले मीच सांगत जाईन. तुमाले सैपाकाले तेवढाच वेळ भेटन."

मी उठली आन् साखरेचा डबा काढला. डब्याचं झाकन लवकर निघेना. हैदराबादेले देल्लं त्या वक्ती मले कोनी विचारलंच नव्हतं.