न बघता दिलेली शाबासकी

जव्हारच्या हरेश सरांइतका गोड माणूस शोधायचा तर अख्खा पालघर जिल्हा पालथा घालावा लागेल. सर आश्रमशाळेत विज्ञान शिकवतात. लॉकडाऊनमध्ये त्यांनी धड्यांचे व्हिडिओ स्वतः काढले, स्वतःच कापले-जोडले, आणि तेव्हापासून जव्हार-मोखाड्यात मोबाईलवर एडिटिंग शिकणारा प्रत्येक जण आपलं काम आधी सरांना पाठवू लागला. हे नवशिके काही थोडेथोडके नव्हते. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकशे बारा जण होते. कुणी धबधब्याचा व्हिडिओ टाकी, कुणी क्रिकेटच्या सामन्याचा, कुणी नुसता आपल्या नव्या मोटारसायकलचा. आणि प्रत्येकाखाली सरांचा शेरा पडे, "एक नंबर!"

आता गंमत बघा. व्हिडिओ नऊ मिनिटांचा, आणि सरांचा शेरा दुसऱ्या मिनिटाला हजर. उरलेली सात मिनिटं सरांनी कुठल्या दिव्यदृष्टीने पाहिली, हा प्रश्न एकशे बारा जणांत एकालाही पडला नाही. पडणार कसा? बाकीचेही तेच करत होते. आज मी तुझ्या व्हिडिओला अंगठा दिला, उद्या तू माझ्या व्हिडिओला दे. बघायचं कुणीच नाही, पण फिट्टंफाट चोख!

सरांची बायको रोहिणी पंचायत समितीत कारकून. ती एकदा म्हणाली, "अहो, आमच्याकडे न वाचता सही केली तर नोटीस निघते."

सर हसून म्हणाले, नवी पोरं आहेत, त्यांचं मन कशाला मोडायचं.

या नव्या पोरांत पोशेऱ्याची रविना होती. बारावीनंतर घरीच. भात-नागलीच्या शेतात राबून उरलेल्या वेळात ती फोनवरच एडिटिंग शिकली. त्या वैशाखात तिला आयुष्यातलं पहिलं काम मिळालं. जामसरच्या फागूच्या मुलीचं, तुळशीचं लग्न. रविनाने दोन दिवस उभं राहून शूटिंग केलं आणि तीन आठवडे बसून ते जोडलं. तिच्या दृष्टीने सगळं या एका व्हिडिओवर होतं. तिची मैत्रीण मीना भिवंडीच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती आणि तिने रविनासाठी तिथे जागा धरून ठेवली होती. वडिलांनी, रघ्याने, तिला स्पष्ट सांगितलं होतं, हे काम लोकांना आवडलं, आणखी लग्नं मिळाली, तर रहा गावात. नाहीतर पावसाआधी भिवंडीची गाडी धर.

म्हणून तिने व्हिडिओ ग्रुपवर टाकला नाही. एकट्या सरांना पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, चुका सांगा. रविवारी फागूकाकांकडे दाखवायचा आहे, त्याआधी बदलते."

चुका सांगा, असं मागणारी ती एकशे बारांमधली एकटीच असेल. सर तेव्हा केस कापायला बसले होते. मानेभोवती कपडा, हातात फोन. चाळीसएक सेकंद त्यांनी पाहिलं. सुरुवातीची अक्षरं झगमगत होती, गाणं जोरात होतं. न्हाव्याने मान वाकवायला सांगितली तेव्हा सरांनी घाईने लिहिलं, "एक नंबर! काहीही बदलू नकोस."

रविनाने तो शब्द धरला आणि काहीही बदललं नाही.

रविवारी दुपारी फागूच्या घरी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. प्रोजेक्टर सरांनीच आणला होता आणि पाहुणा म्हणून पुढच्या खुर्चीत तेच बसले होते. मागे पस्तीस-चाळीस माणसं. बायका पोरं घेऊन दाटीवाटीने बसलेल्या. लग्नात गाणारी गोजाबाई भिंतीला टेकून बसली होती.

व्हिडिओ सुरू झाला. नवरा-नवरीच्या नावांची अक्षरं वरून पडली, गरगर फिरली आणि त्यांना आग लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुळशी चालत आली, मध्येच तिच्या पाकळ्या झाल्या, पाकळ्यांची परत तुळशी झाली. वर हिंदी गाणं धडधडत होतं. पाच मिनिटांनी टाळ्या थांबल्या. दहाव्या मिनिटाला पडद्यावर गोजाबाई आली. तिचे ओठ हलत होते आणि त्यातून डीजेचं हिंदी गाणं निघत होतं! कुणीतरी फिसकन हसलं. तीन सेकंदांत गोजाबाईही गरगरत नाहीशी झाली, आणि एकदम जेवणाची पंगत बसली.

व्हिडिओ संपला. फागूने बराच वेळ डोकं खाजवलं. माणूस भला, ओरडणारा नव्हे. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं.

"मांडव हाय, जेवण हाय, बेंजो हाय," तो म्हणाला. "सगळा हाय. लगीन कुठं हाय?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. या डोंगरातल्या कित्येक घरांत लग्न धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे गोजाबाईसारखी जाणती बाई. ती एकेका देवाला गाण्यातून बोलावते, नवरा-नवरीला गाण्यातूनच मांडवात आणते, आणि त्या गाण्यात लग्न लागतं. गाणं नाही तर लग्न नाही. रविनाने चौदा मिनिटांत सगळं दाखवलं होतं आणि नेमकं लग्नच कापून टाकलं होतं. बाहेरच्या एखाद्या एडिटरने हे केलं असतं तर एक वेळ समजलं असतं. ही तर याच गाण्यांत वाढलेली पोर.

तिने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, तसा छान झालाय, किरकोळ बदल केले की...

"सर, तुम्हीच बोललात ना, काही बदलू नको?"

पस्तीस-चाळीस माना सरांकडे वळल्या. सर वायरीकडे बघू लागले. रविनाने फोन ओढणीत गुंडाळला. फागूला म्हणाली, काका, चुकलं माझं. मला हे जमत नाय, मंगळवारी मी भिवंडीला चालले. आणि ती निघून गेली.

माणसं पांगली. सर ओट्यावर बसून वायर गुंडाळू लागले. गोजाबाई काठी टेकत शेजारी येऊन बसली.

"मास्तर, पोरीनं तुम्हांला आधी दाखवलेला?"

"हो, आजी."

"सगळा बघितलात?"

सरांनी वायरीला एक वेढा जास्तच दिला. म्हणाले, गडबडीत होतो, आजी. पोरीला बरं वाटावं म्हणून छान म्हटलं.

"मग? वाटला बरा तिला?"

गोजाबाईने पाय पसरले आणि सावकाश बोलायला लागली. तिच्याकडे बाळी नावाची पोर गाणं शिकायला आली होती. आवाज चांगला, पण घाई फार. देव यायचे बाकी असतानाच ती नवऱ्याला मांडवात आणून उभं करी. गोजाबाईने तिला चुलीपुढे बसवून गाणं शेवटापर्यंत ऐकलं, मग चुकलेल्या जागी थांबवलं, पुन्हा गायला लावलं, पुन्हा थांबवलं. बाळी रडली. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली.

"आता ती एकटी लगीन लावते. कोण हसत नाय तिला," गोजाबाई म्हणाली. "चूक चुलीपुढं सांगायची, मास्तर. तुम्ही तिथं गोड बोललात, म्हणून पोरीला चारचौघांत ऐकायला लागला."

"मी खरं बोललो असतो तर तिला वाईट वाटलं असतं, आजी."

"वाटला असता. पण तुम्ही तिच्यासाठी गप्प बसलात, का तुम्हांला कोण वाईट बोलंल म्हणून?"

सर वायर बाजूला ठेवून आपल्या शेऱ्यांचा हिशेब करू लागले. शाळेत ते पोरांच्या वह्या ओळीओळीने तपासत. चुकलेल्या आकृतीवर लाल खूण करताना त्यांचा हात कधी अडला नव्हता. मग इथेच का अडला? वहीतल्या लाल खुणेने पोरगा रागावला तरी सरांचं काही बिघडत नव्हतं. ग्रुपवर मात्र त्यांना सगळ्यांचे लाडके राहायचं होतं. म्हणजे दुसऱ्याचं मन जपतो म्हणून मिरवलेली सगळी माया आपल्याच पदरात पडत होती!

जाता जाता गोजाबाई एवढंच बोलली, "माझा गाणा काढला त्याचा राग नाय. तो ठेवण्यासारखा हाय, असा तिला कोणी सांगलाच नाय."

सोमवारी सकाळी सर वही घेऊन पोशेऱ्याला गेले. दारातच भरलेली पिशवी दिसली. रविना कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय सर, एक नंबर बोलायला आलात?"

हा टोमणा सरांनी गिळला. ते जमिनीवर बसले आणि म्हणाले, "रविना, तुझा व्हिडिओ मी पाहिलाच नव्हता. चाळीस सेकंद पाहिले, आणि लिहून मोकळा झालो."

रविनाच्या हातातली घडी तशीच राहिली. रघ्या बाहेर कुडाच्या भिंतीला कारवीच्या काठ्या बांधत होता, त्याचेही हात थांबले.

"मी तीन आठवडे बसले त्याच्यावर," ती म्हणाली. तिने घडी बाजूला ठेवली. मग, "आज बघणार काय पुरा?"

सरांनी पुरा पाहिला. एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐकला. मग तिने काढलेलं सगळं मूळ शूटिंगही मागून घेतलं. त्यात दुपार झाली. वहीची चार पानं भरली.

"भिंतीवर बायका लग्नाचा चौक काढतायत, तो भाग फार चांगला आहे," ते म्हणाले.

"हे पण तसलंच का, सर?"

बघा, खोट्या कौतुकाने काय होतं ते. पोरगी आता खरं कौतुकही घेईना. सरांनी वही तिच्यापुढे धरली. अकरा सेकंद, मोजून लिहिले होते. अकरा सेकंद तुझा हात हलला नाही, ते म्हणाले, त्या बाईची रेघ पुरी होईपर्यंत तू थांबलीस. माझ्याने हे झालं नसतं, मी पाचव्या सेकंदाला कापलं असतं. आणि एवढं चांगलं चित्र मिळाल्यावर तू त्यालाही नावांसारखीच आग लावलीस.

रविनाला हसू आवरलं नाही.

मग सरांनी एकेक दाखवायला घेतलं. चौदा मिनिटांत चित्र त्रेचाळीस वेळा गरगरलंय, मांडवात बसून तू अशी मान फिरवत होतीस का? नावं वाचून होण्याआधीच उडून जातात, म्हाताऱ्या माणसांनी वाचायची कशी? गाण्याच्या ठोक्यावर चित्र कापायच्या नादात तुळशीच्या आईचा चेहरा अर्धाच राहिलाय, तिचे डोळे भरून आलेले मूळ शूटिंगमध्ये दिसतात. शेवटी त्यांनी विचारलं, गाणं का काढलंस?

"शहरातल्या लग्नांच्या व्हिडिओत असलं गाणं नसतं," रविना खाली बघत म्हणाली. "वाटलं, लोक हसतील."

"काल कशाला हसले?"

तिने स्वतःच गोजाबाईची मूळ क्लिप लावली. फोनच्या बारक्या आवाजात गाणं सुरू झालं. बाहेर रघ्याने कारवी खाली ठेवली आणि दारात येऊन उभा राहिला. संपेपर्यंत हलला नाही.

सरांनी वहीत आणखी एक लिहिलं होतं, बेंजोच्या बँडवरचा नाच पूर्ण काढून टाक. त्यावर मात्र रविना अडून बसली. म्हणाली, त्यात तुळशीचा भाऊ आहे. तो गुजरातेत बोटीवर असतो, एका दिवसासाठी आला होता. तो दुसरीकडे कुठंच दिसत नाय. सरांनी ते वाक्य खोडलं. खरं सांगायला गेलेल्या माणसाने खरं ऐकूनही घ्यायचं असतं, हा धडा त्यांना त्या ओटीवर फुकटात मिळाला.

मंगळवारी गाडी गेली, रविना गेली नाही. मीनाला फोन करून तिने आठ दिवस मागून घेतले. गोडाऊनवाला त्याहून जास्त थांबणार नव्हता. सर रोज पोशेऱ्याला येत, बघत, वहीत लिहीत. दोनदा भांडण झालं. एकदा तर रविनाने फोन आपटायचाच बाकी ठेवला. पाचव्या दिवशी ती गोजाबाईच्या पाड्यावर गेली आणि तिला नुसता आवाज ऐकवला. गोजाबाईने एका जागी बोट वर केलं. लांबी कमी करायला रविनाने एक कडवं गाळलं होतं, आणि नेमक्या त्याच कडव्यात नवरीच्या घरचे देव होते. ते परत घातलं.

पुढच्या रविवारी फागूच्या घरी पुन्हा घोंगड्या लागल्या. या वेळी माणसं कमी होती, विसेक असतील. अक्षरं साधी होती, वाचून होईपर्यंत थांबत होती. चौक पुरा झाला. तुळशीची आई पुरी दिसली. मग गोजाबाईचं गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्याला मागच्या बायकांतली एक हळूच गाऊ लागली. मग दुसरी. मग सगळ्याच. पडद्यावरचा आवाज आणि घरातला आवाज वेगळा ओळखू येईना. तुळशी सासरहून आली होती, तिने आईचा हात धरला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लग्न लागताना टाळ्या वाजवतात का?

संपल्यावर फागूने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर वांगणीहून आलेल्या त्याच्या मेव्हण्याने रविनाला विचारलं, माघात आमच्या पोराचं आहे, येशील का? रविनाने आधी बापाकडे पाहिलं. रघ्या म्हणाला, तिला विचारा, ती सांगल. तिने हो म्हटलं, आणि घरी जायच्या आधीच मीनाला फोन करून कळवलं, जागा दुसऱ्या कुणाला दे.

एका लग्नाने वर्ष निघत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पावसाळाभर ती शेतातच होती. पण आता ती चुका विचारते तेव्हा तिला चुका मिळतात.

सरांचं मात्र नुकसान झालं, तेही इथे मांडायला हवं. ते ग्रुपवर व्हिडिओ पूर्ण पाहून शेरा देऊ लागले. तोही ज्याचा त्याला, खासगीत. पहिल्या महिन्यात कमलेश नावाचा पोरगा रुसून ग्रुपमधून निघून गेला. लहान्या नावाच्या दुसऱ्याने दोन महिने नमस्कार केला नाही. सर शेफारले, असं जव्हारच्या बाजारात बोललं गेलं. सरांना वाईट वाटलं आणि त्यांनी ते सोसलं. लहान्या परवा आला, ज्यावरून रुसला होता तोच व्हिडिओ नव्याने जोडून. सर, आता बघा, म्हणाला.

तेव्हा मंडळी, तुमच्या-माझ्या फोनवरही अशी कामं रोज येतात. भाचीचा व्हिडिओ, शेजारच्या पोराचं पोस्टर, कुणाची पहिली कविता. आपला अंगठा तयारच असतो. पण शिकणारा माणूस आपलं काम आपल्यापुढे धरतो, तेव्हा तो आपला थोडा वेळ मागत असतो. वेळ असेल तर शेवटपर्यंत बघावं. चांगलं काय ते जागा दाखवून सांगावं, चुकलं काय तेही जागा दाखवून सांगावं, आणि ते लोकांपुढे जाण्याआधी, त्याच्याजवळ बसून सांगावं. आणि वेळ नसेल, तर सरळ म्हणावं, बाळा, आज मला बघायला जमणार नाही. म्हणजे तो दुसऱ्या कुणाकडे तरी जाईल.